रस्ता लाल होता की काळा?

"हा रस्ता लाल कसा?"

सरांनी प्रिंट खिडकीच्या उजेडात धरली होती. मसाई पठारावरून पूर्वेला, पन्हाळ्याकडे बघताना काढलेला फोटो. सूर्य बुडून पंचवीस मिनिटं झालेली. गर्द निळं आभाळ, तळाशी विरत चाललेली जांभळी रेघ, त्याखाली पन्हाळ्याची लांब सपाट पाठ आणि तिच्यावर लागलेले चार-दोन दिवे. पुढ्यात पठाराचं वाळलं गवत आणि त्यातून गडाकडे गेलेली जांभ्याची वाट. चाळीस सेकंदांचं एक्स्पोजर होतं. माझ्या चांगल्या फोटोंमध्ये मी हा धरते, तेव्हाही धरत होते.

"जांभा आहे, सर. लालच असणार."

"जांभा लालच. पण दिवेलागण होऊन गेल्यावर तो लाल दिसतो?"

"कॅमेऱ्याला दिसला."

"कॅमेऱ्याचं नाही विचारलं पोरी. तू तिथं उभी होतीस. तुला दिसला का?"

मी गप्प बसले. मला खरंच आठवत नव्हतं. ट्रायपॉड, केबल, घड्याळ, परत घड्याळ, एवढंच आठवत होतं. वाट कशी दिसत होती, हे मला फोटोवरूनच ठाऊक होतं.

सरांनी मला आठवीपासून दहावीपर्यंत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावरही त्यांचं बाहेर बसून जलरंगात काम करणं सुटलं नाही. आज वय ऐंशीच्या घरात, गुडघे कुरकुरतात, पण नजर तीच आहे. आबालाल रहिमानांची निसर्गचित्रं टाऊन हॉलच्या संग्रहालयात तासन् तास बघत ते मोठे झाले. आबालाल 1931 साली गेले, सरांच्या जन्माच्याही आधी. तरी सर त्यांच्याविषयी शेजारच्या गल्लीतल्या माणसाविषयी बोलावं तसं बोलतात. कोल्हापुरात हे चालतं.

"माझं म्हणणं एवढंच," सर म्हणाले, "कातरवेळेला रंग जातात. आधी लाल जातो. तू गेलेला रंग परत आणलास. ते खोटं आहे."

"आणलेला नाही, सर. होता तो. डोळ्याला पुरेसा उजेड मिळाला नाही, कॅमेऱ्याला चाळीस सेकंद मिळाला. त्यानं थेंब थेंब गोळा केला. मी रंग ओतला असता तर खोटं."

"माझ्यासमोर कर की मग. मलाही ने मसाईवर."

कार्तिकातली चतुर्दशी आम्ही मुद्दाम निवडली. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्तालाच उगवतो. तो वर येऊन टेकेपर्यंत जमीन अंधारलेली असते आणि फोटोत एक पांढरं भोक आणि खाली काळोख एवढंच उरतं. आदल्या दिवशी तो सूर्य बुडायच्या आधीच क्षितिजावर आलेला असतो. जमिनीवरचा उजेड आणि चंद्राचा उजेड यांची थोडा वेळ बरोबरी होते. निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांना हे चुकून चुकून शिकावं लागतं. मीही तीन पौर्णिमा वाया घालवूनच शिकले.

पठारावर आम्ही पाचला पोहोचलो. पावसाळ्यानंतरचं स्वच्छ आभाळ. सप्टेंबरातली फुलं केव्हाच सरलेली, गवत पिवळं पडून आडवं झालेलं. 1660 साली जुलैमधल्या त्या रात्री पन्हाळ्याहून निघालेले शिवाजी महाराज याच पठारावरून विशाळगडाकडे गेले. मसाईवर उभं राहिलं की मला ते दर वेळी आठवतं. आपल्याला ज्या अंधाराचा फोटो हवा असतो, तोच त्या माणसांचा आडोसा होता.

सरांनी घडीची खुर्ची पश्चिमेला तोंड करून मांडली. मी ट्रायपॉड पूर्वेला रोवला.

"सूर्य तिकडं आहे," सर म्हणाले.

"मला तो बुडाल्यानंतरचं हवंय. ते इकडं होतं."

"म्हणजे तू नाटक सोडून प्रेक्षक बघणार."

"प्रेक्षकांच्या तोंडावरच तर उजेड असतो."

सहाला दोन-तीन मिनिटं कमी असताना सूर्य गेला. पश्चिमेच्या कड्यावर आलेली पोरं टाळ्या वाजवून, मोबाईल खिशात घालून गाड्यांकडे निघाली. दर वेळी हेच होतं. सूर्य गेल्यावर सात-आठ मिनिटं आभाळ फिकं, निस्तेज होतं. संपलं असं वाटतं. ते संपलेलं नसतं. पंधराएक मिनिटांनी पश्चिमेला वरच्या अंगाला दुसरी, जांभळट लाली चढते. ती बघायला बहुधा कुणी थांबलेलं नसतं.

"सर, मागं वळा."

पूर्वेला पन्हाळ्याच्या मागे क्षितिजालगत निळसर करड्या रंगाची एक पट्टी वर चढत होती. तिच्यावर गुलाबी. त्या गुलाबीच्याही वर चंद्र, अजून कागदासारखा पातळ.

"ढग आहे?"

"नाही. पृथ्वीची सावली आहे. आपल्यामागे सूर्य बुडतो तसतशी आपलीच सावली हवेवर पडते आणि वर वर सरकते. वरचा गुलाबी म्हणजे सावलीच्या कडेवर अजून ऊन लागलेली हवा."

सर बराच वेळ बघत राहिले. त्यांनी वही काढली. ती वही मी शाळेत असल्यापासून बघते. तिच्यात चित्रं थोडी आणि आकडे फार. एक म्हणजे कोरा कागद, दहा म्हणजे काजळ. प्रत्येक गोष्टीपुढे तिचा गडदपणा आणि रंगाचं नाव. त्यांनी लिहिलं: पट्टी, पाच, पारवा. वरचं, तीन, डाळिंबाच्या दाण्याचं पाणी. गवत, चार.

"रंग का नाही लावत?" मी विचारलं.

"आता? कसा लावू? माझ्या पेटीत किरमिजी आणि अल्ट्रामरीन शेजारी आहेत. दहा मिनिटांत ते दोन्ही मला सारखे काळे दिसतील. कुठला खण कुठे आहे हे हाताला पाठ आहे, पण कागदावर काय उतरतंय ते कळायला नको? बॅटरी लावून रंगवलं तर बॅटरीच्या पिवळ्या उजेडात सगळं बरोबर वाटतं, घरी जाऊन बघावं तर चित्र निळंशार. शिवाय हवा दमट. वॉश वाळतच नाही. जलरंगानं कातरवेळ जागेवर होत नाही. ती लिहून न्यायची आणि सकाळी रंगवायची."

"म्हणजे तुमचं चित्र आठवणीतून येतं."

"येतं."

"मग माझा फोटो खोटा आणि तुमची आठवण खरी, हे कसं?"

"माझ्या आठवणीत रस्ता काळा आहे," सर म्हणाले. "कारण तो काळा होता."

माझ्या घड्याळात सहा वाजून आठ मिनिटं झाली होती. मी फोकस आधीच बसवून कुलूपबंद केला होता, कारण अंधारात कॅमेरा चाचपडतो. व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडावर पक्का केला होता. तो कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडला तर कॅमेऱ्याला संध्याकाळचा निळा हा दोष वाटतो. तो पुसून पांढरं करतो. पहिलं एक्स्पोजर दोन सेकंदांचं. मी सरांना मोजून दाखवलं. आमच्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. सूर्यास्तापासून तो क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत बावीस-तेवीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात जमिनीवरचा उजेड शंभराव्या हिश्शापेक्षाही खाली येतो. म्हणजे दर तीन-सव्वातीन मिनिटांना निम्मा. दोन सेकंदांचे चार, चारांचे आठ, आठाचे सोळा. लंडनला जूनमध्ये याच उताराला पाऊण तास मिळतो. आम्हाला त्याच्या निम्माच.

"फिल्मच्या काळात काय करत होतीस?"

"तेव्हा तर आणखी कठीण. मंद फिल्म, पन्नास आयएसओची. सेकंदाच्या वर गेलं की फिल्म सुस्तावते, हिशेबापेक्षा जास्त वेळ मागते, आणि रंग हिरवट होतात. एका रोलमध्ये छत्तीस. संध्याकाळी चारच काढायचे, धुवायला बाहेरगावी पाठवायचे आणि पंधरा दिवसांनी कळायचं की आभाळ शेवाळलंय. एकदा धुणाऱ्यांकडून अख्खा रोल खराब होऊन आला. रंकाळा तळ्याचा होता. संध्यामठ पाण्यात अर्धा बुडालेला आणि मागे केशरी. तो आता फक्त माझ्या डोक्यात आहे."

"बघ," सर म्हणाले. "तो खरा आहे ना?"

"कुठला?"

"डोक्यातला."

हा वार मला लागला. पण मीही तयारीनं आले होते.

"सर, 1883 च्या ऑगस्टमध्ये क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला. त्याची धूळ आणि वायू वर जाऊन जगभर पसरले. त्या हिवाळ्यात लंडनला सूर्य बुडाल्यावर तासभर आभाळ रक्ताळायचं. विल्यम अ‍ॅस्क्रॉफ्ट नावाचा एक चित्रकार चेल्सीला थेम्सच्या काठावर उभा राहून खडूनं दर थोड्या मिनिटांनी त्याची नोंद करत होता. पुढची दोन-तीन वर्षं. पाचशेच्या वर चित्रं केली. 1888 साली रॉयल सोसायटीनं क्राकाटोआचा मोठा अहवाल काढला, त्यात त्याची चित्रं छापली. शास्त्रज्ञांनी पुरावा म्हणून."

सरांचा चेहरा उजळला. "म्हणजे पुरावा चित्रकारानं दिला."

"तेव्हा रंगीत फोटो नव्हताच. पण ऐका की. तो माणूस 'मला काय वाटलं' हे काढत नव्हता. मिनिटाला मिनिट, जे आहे ते. आज तो असता तर त्यानं ट्रायपॉड लावला असता."

"नसता लावला," सर शांतपणे म्हणाले. "ट्रायपॉड लावला असता तर त्यात त्याला सांजेचा काळोख आला नसता. त्याच्या खडूंत जेवढं दिसतं, तेवढंच त्या संध्याकाळी माणसाला दिसत होतं. म्हणून तो पुरावा. तुझा फोटो पुरावा आहे, पण कशाचा? माणूस नसता तर काय दिसलं असतं, त्याचा."

सहा वाजून सतरा मिनिटं. गुलाबी पट्टा विरला होता, डोक्यावरचा निळा खोल होत चालला होता. हा निळा दिवसाचा निळा नव्हे. दिवसाचा निळा हवेतल्या कणांनी उजेड विखुरल्यामुळे येतो. संध्याकाळी सूर्याचे किरण आडवे, फार लांबचा प्रवास करून येतात. विखुरण्याच्या हिशेबानं माथ्यावरचं आभाळ तेव्हा पिवळट-करडं व्हायला हवं. ते निळं राहतं ते ओझोनमुळे. ओझोन त्या उजेडातला नारिंगी-पिवळा भाग शोषून घेतो आणि निळा उरतो. हे 1953 साली हलबर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञानं दाखवून दिलं. त्याआधी शतकानुशतकं चित्रकार तो निळा रंगवत आले आणि तो कुठून येतो हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

मी सरांना हे सांगितलं. त्यांनी वहीत लिहिलं: माथा, सात, मोरपंखाच्या डोळ्यातला. ओझोनविषयी काही लिहिलं नाही.

"तू 1991 च्या शेवटी शेवटीची आभाळं बघितलीस का गं? आठवतंय?" त्यांनी एकदम विचारलं. "संध्याकाळ झाली की जांभळं व्हायचं. आम्ही रंकाळ्यावर बसायचो. कुणाला कळेना काय होतंय."

मला आठवत होतं. त्या जूनमध्ये फिलिपिन्समध्ये पिनाटुबो फुटला होता. मी तेव्हा कॅमेरा नुकता घेतला होता आणि माझ्याकडे त्या आभाळांचा एकही फोटो नाही. सरांकडे सहा चित्रं आहेत. वाद जिंकायचा तर मी हे सांगायला नको होतं, पण सांगितलं.

"फोटो का काढले नाहीस?"

"सूर्य बुडाला की कॅमेरा पिशवीत टाकायचा, असंच मला शिकवलं होतं. उजेड संपला, घरी चला. शिवाय तिन्हीसांजेला बाहेर राहायचं नाही, हे आईचं. दिवा लावून शुभंकरोती म्हणायच्या वेळी मुलगी तळ्यावर कशाला?"

"माझी आईही हेच म्हणायची. करकरीत तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसू नको, झोपू नको, केस विंचरू नको." सर थोडं थांबले. "आता वाटतं, त्या वेळेला नुसतं बघत बसावं एवढंच राहत होतं. बाकी सगळ्याला बंदी."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. खाली दरीत धुराच्या दोन आडव्या रेघा होत्या. गुऱ्हाळं पेटली होती. थंडी पडायला लागली की हा धूर वर चढत नाही, उसाच्या फडांवर पसरून राहतो आणि डोंगरांच्या रांगा एकीमागे एक अशा वेगळ्या काढून ठेवतो. लांब लेन्स लावून तो पकडायला मी कित्येक संध्याकाळी घालवल्या आहेत. त्या संध्याकाळी मी लेन्स बदलली नाही.

सहा वाजून तेवीस. "आता," सर म्हणाले.

मी वाटेकडे बघितलं. या वेळी खरोखरच बघितलं, कॅमेऱ्याकडे पाठ करून. गवत अजून दिसत होतं, राखेसारखं, स्वतःचा उजेड असल्यासारखं. आणि त्यातून गेलेली वाट काळी होती. तपकिरी नाही, गडद लाल नाही. तव्याच्या बुडासारखी काळी. जवळजवळ दीड तासापूर्वी मी तिच्यावरून चालत आले होते आणि माझ्या बुटांना तिचीच लाल धूळ लागलेली होती.

याचं कारण मला माहीत होतं. पुरकिन्ये या चेक शास्त्रज्ञानं ते 1819 सालीच टिपलं: उजेड कमी झाला की तांबडी फुलं आधी काळवंडतात, निळी-हिरवी उजळ वाटतात. मंद उजेडात डोळ्यातल्या वेगळ्या पेशी काम हाती घेतात आणि त्यांना तांबडा जवळजवळ दिसतच नाही. हे मी शिबिरांमध्ये शिकवते, फळ्यावर आलेख काढून. आणि इतकी वर्षं मसाईवर येऊनही मी ते डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं, कारण दर वेळी त्या मिनिटाला मी घड्याळ बघत होते.

मी शटर दाबलं. चाळीस सेकंद.

चाळीस सेकंद फार असतात. घुबड ओरडलं. पन्हाळ्यावर आणखी एक दिवा लागला. पूर्वी तिथले दिवे पिवळे असायचे, सोडियमचे. निळ्या आभाळाखाली ते निखाऱ्यासारखे दिसायचे. आता बहुतेक पांढरे एलईडी. आभाळाच्या निळ्याशी त्यांचं जमत नाही, नुसती ठिगळं दिसतात. ते वाढतच चाललेत. पाच-सात वर्षांत या जागेवरून अंधारी पाठ दिसेल की नाही याची मला खरंच काळजी वाटते.

स्क्रीनवर चित्र आलं. वाट लाल.

सरांनी वाकून बघितलं. मला वाटलं, ते जिंकल्यासारखं हसतील. ते हसले नाहीत.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "हे खरं आहे, पोरी. पण हे दुसरं खरं आहे. डोळे मिटल्यावर वाट कशी असते, ते हे."

"मग मी हे कुणाला दाखवू नये?"

"दाखव. पण 'मसाई, संध्याकाळ' असं खाली लिहू नकोस."

मी वाद सोडला नाही. म्हणाले, सर, या गावात कॅमेरा आणि ब्रश यांचं भांडण कधी नव्हतं. बाबुराव पेंटरांनी 1918 साली स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला. त्यांचे साथीदार आनंदराव यांनी सुरू केलेलं काम, ते गेल्यावर बाबुरावांनी पुरं केलं. पेंटर हे त्यांचं नाव आणि यंत्र त्यांच्या हातात. त्यांना यंत्र जे दाखवतं ते खोटं वाटलं असतं का?

"बाबुराव आधी रंगवायचे, मग कॅमेरा लावायचे," सर म्हणाले. "काय अंधारात ठेवायचं हे त्यांना माहीत होतं. तुझ्या यंत्राला ते माहीत नाही. आजकालचे मोबाईल बघ. रात्री फोटो काढला की भरदुपार करून देतात. माझ्या नातवानं रंकाळ्यावर रात्री नऊला काढलेल्या फोटोत पाणी हिरवं, झाडं हिरवी, केंदाळसुद्धा हिरवं. मी म्हटलं, रात्र कुठाय? तो म्हणाला, आजोबा, यात रात्र पण दिसते. रात्र 'पण' दिसते!"

इथे मात्र माझं आणि सरांचं पूर्ण एकमत होतं. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच. सूर्यास्तानंतरचा उजेड मऊ असतो, त्याला धारदार सावल्या नसतात, तो सगळीकडून सारखा येतो, म्हणून तो आपण शोधत जातो. पण मऊपणाचा अर्धा भाग म्हणजे काय दिसत नाही, हा आहे. दरीचा तळ दिसत नाही. झाडाच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. ते सगळं उकरून दाखवलं की उरतो तो एक विचित्र, निळसर दिवस. असले फोटो मी स्पर्धांच्या परीक्षणात ढिगानं बघते. प्रत्येक सावली उघडलेली, प्रत्येक दगड मोजता येईल असा, आणि बघताना मला कुठल्याही संध्याकाळची आठवण येत नाही.

"मग तू आणि तुझा लाल रस्ता वेगळा कसा?" सरांनी विचारलं.

"मी फक्त वेळ दिला. उजळलं काही नाही."

"चाळीस सेकंद म्हणजे उजळणंच. दहा सेकंद दिले असतेस तर?"

"आभाळही काळं झालं असतं."

"मग तेवढं होऊ द्यायचं."

मी सात सेकंदांचं एक केलं. स्क्रीनवर ते जवळजवळ रिकामं दिसलं. संध्याकाळी स्क्रीनची एक फसवणूक असते, हे इथे सांगायला हवं. डोळा अंधाराला सरावलेला असतो, त्यामुळे मंद फोटोही त्या चकाकत्या स्क्रीनवर भरपूर उजळ वाटतो आणि घरी आल्यावर तो काळाकुट्ट निघतो. म्हणून मी स्क्रीन मंद करते आणि हिस्टोग्रामवर भरवसा ठेवते. हिस्टोग्राम म्हणत होता, या सात सेकंदांत काही नाही. आभाळात थोडा निळा, चंद्र, पन्हाळ्याची कड. वाट नव्हतीच.

"ही आहे," सर म्हणाले.

"यात वाट दिसत नाही."

"आता तरी दिसतेय का?"

खाली बघितलं. वाट होती, म्हणजे पायाला होती. गवत जिथे संपतं तिथे वाट असणार, एवढंच कळत होतं. पण गवत आता वेगळ्या कारणानं उजळत होतं. चांदणं लागायला सुरुवात झाली होती.

परत जाताना मी बॅटरी काढली. सर म्हणाले, राहू दे की, डोळे सरावलेत. त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही गाडीपर्यंतची वाट अंधारातच चाललो, पायाखाली जांभ्याचा भुगा करकरत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पंचगंगा घाटावर होते. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे तिथे पायऱ्या-पायऱ्यांवर हजारो पणत्या लावतात आणि उजाडायच्या आधी काही मिनिटं आभाळाचा निळा आणि पणत्यांचा पिवळा एका मापाचे होतात. संध्याकाळचा तोच खेळ, उलट्या दिशेनं. नेहमी मी त्या मिनिटाची वाट बघते. त्या पहाटे मी ते मिनिट येण्याच्या बरंच आधी फोटो काढायला लागले, जेव्हा आभाळ अजून काळं होतं आणि पणतीच्या उजेडात फक्त दिवा लावणाऱ्या बाईचा हात आणि हनुवटी दिसत होती.

घरी आल्यावर मसाईची फाइल उघडली. चाळीस सेकंदांची. लाल रंगाची पट्टी हळूहळू खाली ओढत गेले. वाट विटकरी झाली, मग तपकिरी, मग मातकट. एका ठिकाणी हात थांबला. पुढे किती जायचं ते कळेना. डोळ्यांसमोर ती काळी वाट होती, पण किती काळी, ते स्क्रीनच्या उजेडात हातात येईना. शेवटी फोन केला.

"सर, वहीत बघून सांगा. सहा तेवीसला वाट किती होती?"

पानं उलटल्याचा आवाज आला. "वाट, नऊ. गवत, सहा. पन्हाळा, आठ. आणि गं, बरं झालं फोन केलास. मी रंगवायला बसलोय आणि अडलोय. पन्हाळ्याच्या डाव्या सोंडेवर झाडं होती ती दोन की तीन? अंधारात मला दोनच दिसली, पण चित्रात दोन बरी दिसत नाहीत."

मी फोटो मोठा केला.

"तीन आहेत, सर. तिसरं थोडं वाकलेलं."

"वाकलेलं कुणीकडं?"

"पश्चिमेला. आपल्याकडं."